रिकामी झाली की नाचणारी पिकअप

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखं असतं ते. एकीत एक कोंबत राहायचं, आणि एके दिवशी कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात! बी.ए. झाल्यावर "नोकरी लागेस्तोवर जरा फोन उचलत जा" म्हणून आत्यानं मला तिच्या केटरिंगमध्ये बसवलं. नोकरी अजून लागली नाही. किस्से मात्र एवढे झालेत की निम्मे एकट्या पिकअपचेच आहेत.

पिकअप म्हणजे आमची जुनी पांढरी गाडी. इंजिनाचं वजन सगळं पुढं, आणि ढकलायचं काम मागच्या चाकांना. जाताना मागं पातेली, शेगड्या, सिलिंडर, भाजीची पोती असतात तेव्हा कुठलाही चढ शहाण्यासारखी चढते. जेवणं उरकून नुसती हलकी भांडी घेऊन रिकामी निघाली की जरा ओली माती दिसायचा अवकाश, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात.

"भरल्या पोटी कामाला जाती, रिकाम्या पोटी नाचती," असं आमचे ड्रायव्हर दस्तगीरभाई म्हणतात. शोरूममधून ही गाडी त्यांनीच आणली. तेव्हापासून स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

मागच्या सीझनला एका शेतातल्या लग्नात गाडी अशी रुतली की संध्याकाळच्या रिसेप्शनची भांडी वेळेत पोचली नाहीत. आत्या भर अंगणात कडाडली, "आणि एकदा कुठल्या कार्यात हिनं घोळ घालू दे, इकून नवी घेतो!"

दस्तगीरभाई काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मग नव्या गाडीला नवा ड्रायव्हर बी बघा वैनी."

झालं! त्या दिवसापासून मागची चाकं मातीला कशी धरतील, हा आमच्या सगळ्यांचा विषय झाला. आणि मी? कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी. केटरिंगमध्ये!

*

माझी पहिलीच फेरी पन्हाळ्याच्या बाजूला होती. परत येताना गाडी एका बांधाजवळ फसली. दस्तगीरभाई म्हणाले, "ताई, जरा उतरा आणि मागं जाऊन बघा, कुठलं चाक फिरतंय."

मी मागं गेले. चाकाजवळ वाकले. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

पुढचं मला दिसलं नाही, कारण डोळ्यांत चिखल होता. पण मी जी किंकाळी फोडली ती म्हणे पार खालच्या वस्तीवर ऐकू गेली. कुणीतरी चाकाखाली आलं असं समजून उसातनं माणसं धावत सुटली. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या खांद्यावर खोरं. येऊन बघतात तर मी उभी, धडधाकट, फक्त चिखलानं तांबडी!

आता आलेच आहेत तर त्यांनी धक्का मारला. गाडी एका दमात बाहेर!

तेव्हापासून गाडी अडकली आणि आसपास कुणी दिसत नसलं की दस्तगीरभाई काच खाली करून अदबीनं म्हणतात, "ताई, जरा वरडा की!"

*

मग वाळूचा उपाय निघाला. मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, बरोब्बर वर वाळूची पोती ठेवायची. भांडी उतरली तरी पोती तिथंच. म्हणजे रिकाम्या गाडीलाही मागं वजन. उपाय अगदी बरोबर होता, शाळेच्या पुस्तकात छापावा असा.

साखरपुड्याचं जेवण होतं. भांडी उतरवली, पोती गाडीतच ठेवली, आणि आम्ही वाढपात गुंतलो. पंगती उठल्या. पाहुणे पांगले. आम्ही भांडी चढवायला गेलो तर पोती गायब!

मी घाबरून घरमालकांकडे गेले. "काका, आमच्या गाडीत वाळूची पोती होती..."

"व्हय की!" मालक खुशीत म्हणाले. "लई बेस केलंसा पावणं. आमची दारातली पायरी अर्धी राहिलती वाळूपायी. गवंडी पंगतीलाच आलता, लावला लगीच कामाला. या, बघा तरी!"

पायरी खरंच सुरेख झाली होती. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. दुसरं करणार काय?

गाडी मग त्या पायरीसमोरच रुतली. पायरी ओली असल्यामुळं तिच्यावर पाय ठेवून धक्काही मारता येईना. मालक स्वतः राखण करत उभे. "पायरीवर न्हाई हां! तिकडनं ढकला, तिकडनं!"

*

तुकामामा आमचे आचारी. हाताला चव अशी की पाहुणे पत्ता विचारत येतात. पण स्वयंपाकाच्या बाहेरचं काम सांगितलं की ते ऐकतात अर्धं आणि करतात दीडपट.

एका लग्नात पार्किंग शेतातच होतं. दस्तगीरभाई त्यांना म्हणाले, "मामा, मागच्या दोन्ही चाकांची हवा थोडी कमी करा. टायर पसरतोय, मातीला धरतोय. सडकंला लागलो की परत भरून घिऊ."

मामा गेले, टायर दाबून दाबून बघत हवा सोडली, हात पुसत आले. "केली गा बरोबर. खिरीगत मऊ केलीया."

लग्न लागलं, पंगती झाल्या. निघायच्या वेळी मांडववाल्याची पिकअप आमच्या पुढं निघाली. तीही पांढरी, तीही जुनी, आणि आमच्या शेजारीच लावलेली. चिखलातनं अशी सुळकन गेली की सगळे बघत राहिले. आमची मात्र जागेवरच घर्रर्र, घर्रर्र!

मांडववाला भला माणूस. सडकेवरनं गाडी वळवून दोर घेऊन परत आला. आमची गाडी ओढून काढली आणि वर खिशातनं पेढ्याचा पुडा काढला. "घ्या मामा. आज इपरीतच झालं बगा. दर वक्ताला माझी गाडी रुततीया. आज लोण्यातनं निघाल्यागत निघाली! देव हाय म्हनायचं."

तुकामामांचं लक्ष एव्हाना त्याच्या मागच्या टायरवर गेलं होतं. मग आमच्या टायरवर. त्यांनी शांतपणे दोन पेढे खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हणाले, "देव हाय हो. निस्ता गाडीचा नंबर बघत न्हाई."

*

शेवटी आत्यानं मन मोठं केलं आणि मागच्या चाकांना नवे टायर आणले. खोल खोल नक्षीचे, चिखलातले म्हणून मुद्दाम मागवलेले. दारात गाडी उभी करून त्यांना हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटल्याच्या आवाजाला मी दचकले, ते जाऊ दे.

पहिल्याच फेरीला समोर शेतातली ओली वाट आली. दस्तगीरभाईंनी हसत गिअर टाकला. आज टायरची परीक्षा!

"थांबा!" आत्या ओरडली. "तिकडनं कुठं? चार दिस झाले न्हाईत टायर आणून. वरच्या डांबरी रस्त्यानं फिरून घ्या."

"वैनी, चिखलासाठीच आणल्यात की ही!"

"म्हणून काय लगीच चिखलात घालायची?"

आम्ही फिरून गेलो.

*

मग आत्यानं नवे टायर उतरवून जपून ठेवले, जुनेच परत चढवले, म्हणून भार तुकामामांवर आला. मामा चांगले भरभक्कम. परतीच्या वाटेवर ते पोतं अंथरून मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसायचे, आणि दस्तगीरभाई केबिनमधून हुकूम सोडायचे. "मामा, डाव्या अंगाला! आता उजव्या! हां, बसा तितंच, हलू नका!" मामा होडीत बसल्यासारखे इकडून तिकडे सरकायचे. आणि गाडी निघायची, खरंच निघायची!

मग डॉक्टरांनी मामांना वजन कमी करायला सांगितलं. मामा पहाटे रंकाळा तळ्याला फेऱ्या मारायला लागले. गोड बंद, भात बंद. दिवाळी झाली तसे चांगले सुटसुटीत दिसायला लागले. आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं, आत्यानं त्यांना नवा शर्ट घेतला.

दस्तगीरभाई तेवढे मागचं टायर दाबून बघत होते. मामा नवा शर्ट घालून गाडीत चढले. पुढच्या ओढ्यापाशी चाक फिरायला लागलं. मामा डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. काही उपयोग नाही.

दस्तगीरभाई खाली उतरले, मामांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "एका शब्दानं इचारायचं तरी हुतं मामा!"

*

आणि आता हा मलकापूरचा.

आत्याचा धीर संपला होता. सोमवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. शनिवारचं मलकापूरच्या वरच्या वाडीतलं लग्न म्हणजे पिकअपची शेवटची फेरी. दस्तगीरभाईंनी आदल्या दिवशी गाडी धुतली आणि शनिवारी सकाळपासून कुणाशी एक शब्द मोठ्यानं बोलले नाहीत. मला तर त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

लग्न मुलीच्या दारात, वाडीवर. रात्री वळीव झालेला. वाडीवर जायला एकच तांबड्या मातीचा चढ. आम्ही सकाळी भरलेल्या गाडीनं चढून गेलो, भांडी उतरवली, तुकामामांनी चुली पेटवल्या. तेवढ्यात खालून फोन आला. वऱ्हाडाची बस पायथ्यालाच थांबलीय, चढत नाही. गडीमाणसं चालत येतील, नवरदेव मोटरसायकलवर येईल. पण वरमाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, भरजरी शालू नेसून चिखलातनं चालणार नाही म्हणतेय.

"पिकअप पाठवा," मुलीचे वडील हात जोडून म्हणाले.

आत्या, मी आणि मुलीची आई गाडीतनं खाली गेलो. विहीणबाईंचं स्वागत व्हायला हवं ना! पण विहीणबाई आधीच फुगलेल्या. बसपाशी वाट बघावी लागली, हा पहिला अपमान. मुलीच्या आईनं ओवाळलं, तर त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. तशाच गेल्या आणि केबिनमध्ये ऐसपैस बसल्या. आम्ही बाकीच्या बाहेरच.

दस्तगीरभाईंनी गाडी चढाला लावली. अर्ध्यात गेली आणि मागची चाकं नाचायला लागली. धक्का मारणारे वऱ्हाडी घसरून बसले. गाडी हळूहळू मागं, मागं, थेट पायथ्याला परत! वरून वाजंत्री ऐकू येत होती. मुहूर्त जवळ आला होता. मुलीची आई रडकुंडीला आली. "आजच्या दिवशी असं व्हावं का हो!"

दस्तगीरभाई खाली उतरले. आत्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "वैनी, वजन हाय, पर पुढं बसलंय. त्ये मागं पायजे."

आता हे कोण सांगणार? मी तर दोन पावलं लांबच जाऊन उभी राहिले.

आत्या केबिनच्या दाराशी गेली. "विहीणबाई, जरा मागं बसता काय?"

"मी?" आतून आवाज आला. "वरमाई हाय मी! भांड्याकुंड्याच्या जागंवर बसू व्हय?"

आत्या गाडीच्या मागं गेली. तिनं गाडीतली पंगतीची जाजमं काढली, घडी घालून बरोब्बर मागच्या अ‍ॅक्सलवर अंथरली. ओवाळणीच्या ताटातलं हळदकुंकू घेतलं आणि मागच्या दोन्ही चाकांना बोटं ओढली. मग डोक्यावर पदर घेऊन परत केबिनपाशी आली.

"विहीणबाई, पुढं ड्रायव्हर बसतोय. हत्तीवर पुढं कोण असतंय? माहूत. राजा कुठं बसतोय?"

आतून शालू सावरल्याची सळसळ आली. मग दार उघडलं.

वरमाई मागं जाऊन डाव्या चाकाच्या वर जाजमावर बसल्या, मांडी घालून, रुबाबात. ते बघून मुलीच्या आईनं डोळे पुसले. "आणि मी काय मुलीची आई न्हवं व्हय?" म्हणत त्या उजव्या चाकावर. मग बसमधून आवाज आला, "मी सख्खी मावशी हाय!" मागोमाग दोन चुलत्या, नवरदेवाची आत्या, करवली. मान घ्यायला नुसती झुंबड! गाडी मागनं अशी दबली की स्प्रिंग कुरकुरले.

आमची आत्याही मागं चढली, मी केबिनमध्ये बसले आणि डोळे गच्च मिटले. गाडी चढाला लागली. मघाच्या जागी आली, चाक जरासं सटकलं. मागं बायकांचा एकच गलका. दस्तगीरभाईंनी काचेतनं मान बाहेर काढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "वैनी, अजून एक-दोन मान घ्या आत!"

पायथ्याला राहिलेल्या दोघी पळत येऊन चढल्या. आणि गाडी निघाली. घसरली नाही, थांबली नाही, थेट मांडवाच्या दारात! मी डोळे उघडून मागं बघितलं तर दोन्ही विहिणींनी एकमेकींना गच्च मिठी मारलेली, आणि दोघी खिदळत होत्या. अक्षता वेळेवर पडल्या.

सोमवारी गिऱ्हाईक येऊन दारात उभं होतं. दस्तगीरभाई किल्ली हातात घेऊन पायरीवर बसले होते. इतक्यात फोन वाजला, मी दचकले, आणि दचकण्यात स्पीकर सुरू झाला.

पलीकडं कुणी बाई होत्या, गारगोटीकडच्या. "शनिवारच्या लग्नातलं व्हिडिओत बघितलं. आमच्या लेकीच्या लग्नात बी वरमाईला मागच्या चाकावर बसवायचं हाय. जेवणाची ऑर्डर तुमालाच देतो. पर तो मान मंडपात जायच्या आधी करायचा का नंतर?"

आत्यानं गिऱ्हाइकाकडं बघितलं. दस्तगीरभाईंकडं बघितलं. मग फोन माझ्या हातातनं घेतला.

"आधी," आत्या गंभीरपणे म्हणाली. "आणि बाई, गाडी जुनीच लागती त्याला. नव्या गाडीला चालत न्हाई."