शेवाळाची कड

विनिपेग विद्यापीठाच्या गणित विभागात वॉल्टर ह्रिन्चुकचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. व्याख्यानाला हा म्हातारा प्राध्यापक पहिल्या रांगेत बसायचा, डोळे मिटायचा आणि बोलणारा रंगात आला की खेकसायचा, "हे कशावरून?" कित्येक पोरांना त्याने फळ्यापाशीच रडवलं होतं.

त्या गुरुवारी त्याचीच जुनी विद्यार्थिनी मारेन बोलत होती. तळ्यात शेवाळ वाढत, पसरत जातं, तेव्हा त्याची कड कशी सरकते याची समीकरणं ती मांडत होती.

"ही कड गुळगुळीतच राहते," ती म्हणाली.

"कशावरून? तुझ्या बापाचं तळं आहे का?"

"तुमच्याच प्रमेयावरून, प्रोफेसर."

लोक फिस्सकन हसले. वॉल्टर ताडकन उठला आणि त्याने खडू हिसकावला.

"मी शिकवलं तेव्हा झोपली होतीस वाटतं! बघ आता."

त्याने भराभर ओळी खरडल्या. मध्येच हात अडखळला, तेव्हा अडलं की सगळेच गणिती लिहितात तसं त्याने लिहून टाकलं, ‘हे तर उघडच आहे.’

मारेन जाऊन पहिल्या रांगेतल्या त्याच्या खुर्चीत बसली. तिने डोळे मिटले.

"हे कशावरून?"