मनवर सिस्टरची मढी

दोन हजार सहा साली महागावच्या सरकारी दवाखान्यात प्रभावती मनवर नावाच्या सिस्टर होत्या. नोकरी बावीस वर्षांची, आवाज खणखणीत. सुई टोचण्याआधीच पेशंट निम्मा बरा व्हायचा, तो त्या आवाजाने. त्यांना शौक एकच. मेलेली माणसं उठून जित्यांच्या मागे लागतात, असले विलायती सिनेमे. भाचा प्रफुल्ल पुसदला सीडीचं दुकान चालवायचा. दर रविवारी दुपारी तो दोन-तीन आणून टाकायचा आणि सिस्टर कांद्याची भजी खात मढी बघायच्या.

एकदा पुसदच्या साप्ताहिकाचे संपादक विठ्ठलराव रक्तदाब तपासायला आले. पट्टा बांधताना सिस्टर शेजारच्या नर्सला सांगत होत्या, "दुपारी मेला अन् संध्याकाळी पळून राह्यला! अकडलेला गुडघा असा वाकते का वं? त्या सिनेमावाल्यानं आयुष्यात एक मढं पाह्यलं नसंल!"

विठ्ठलराव हसता हसता थांबले. यंदा कापूस बुडाल्यामुळे बियाणेवाल्यांच्या जाहिराती बंद पडल्या होत्या आणि चौथं पान रिकामं जात होतं.

"सिस्टर, हेच लिहून द्या न मले."

"पण एक सांगा," ते पुढं म्हणाले, "दिवसभर वॉर्डात हेच पाह्यता, घरी बी हेच काहून?"

सिस्टरनी पट्टा सोडला. "तिथं उठतात न भाऊ. आमच्याकडं यंदा फवारणीचं औषध पिऊन किती जण आले. गेले ते गेलेच."

पुढच्या अंकापासून चौथ्या पानावर सिस्टरचे लेख सुरू झाले.

सिस्टर सिनेमाला गुण द्यायच्या ते सलाईनच्या बाटल्यांत. पाच बाटल्या म्हणजे उत्तम. 'नायिकेला चावा बसला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन नाही. दीड बाटली.' लोक चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचायचे. ज्यांनी जन्मात असला सिनेमा पाहिला नव्हता तेही बाटल्यांवरून भांडायचे.

त्या हिवाळ्यात कापसाची पाहणी करायला वरून एक पथक आलं. त्याच आठवड्यात सिस्टरनी एका सिनेमाबद्दल लिहिलं: 'ही मढी घोळक्यानं येतात. डोळे उघडे, पण दिसत काही नाही. कोणी काही सांगितलं तर नुसतं हूं करतात. गेल्यावर मागे तुडवलेलं शेत तेवढं राहतं.'

महागावात झेरॉक्सवाल्याला दिवसभर बसायला फुरसत मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर कात्रण, त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा.

"सिस्टर, पथकाला मढी म्हणता?"

"नाही जी साहेब, सिनेमातल्या मढ्याले मढं म्हटलं." सिस्टरनी पिशवीतून सीडी काढली. "तुमीच पाहून घ्या."

साहेबांनी शहानिशा म्हणून ती कॉम्प्युटरात घातली. दाराशी दोन कारकून येऊन उभे राहिले. सातव्या मिनिटाला कोठारातून पहिला हात बाहेर आला तेव्हा साहेबांचे दोन्ही पाय खुर्चीवर होते.

"आता? आता काय होते?"

"सांगितलं तर मजा जाईल जी. खुलासा लिहून देऊ का?"

"द्या हो, द्या!" साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "बाजूला व्हा जराशा."

खुलासा पुढच्या अंकात छापून आला: 'गेल्या आठवड्यातील मढ्यांचा पाहणी पथकाशी काहीही संबंध नाही. मढी निदान घरोघरी गेली होती.' अंक दुपारपर्यंत संपला. सिस्टर बदलीच्या कागदाची वाट पाहत राहिल्या. कागद आला नाही. शिपाई आला. साहेबांनी दुसरा भाग मागितला होता.

दुसरा भाग सिस्टरना मुळीच पटला नाही. मढी मोटारसायकल चालवायला लागली म्हटल्यावर त्यांनी अर्धी बाटली देऊन विषय मिटवला. आठ दिवसांनी साप्ताहिकाला निनावी पत्र आलं: 'आपल्या समीक्षिका पूर्वग्रहदूषित असून मोटारसायकलचा प्रसंग अत्यंत थरारक आहे.'

विठ्ठलरावांनी ते जसंच्या तसं, हस्ताक्षरासकट छापलं. मजकुराखाली लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या.