पहिल्याचं नाव दुसऱ्याला

माझी शाळा चौथीपर्यंत. यंत्राबद्दल जे लिहिते आहे ते सगळं मुलीच्या तोंडून ऐकलेलं. चुकलं असेल तर चूक माझी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगी पस्तिशीची, बिनलग्नाची, एका शिक्षणसंस्थेच्या कम्प्युटरच्या खोलीत हंगामी कामाला. दर मार्चला साहेब कागदावर सही करत, तेव्हा पुढचं वर्ष मिळे. त्या वर्षी त्यांनी बजावलं होतं की यंत्राच्या तक्रारी थांबल्या नाहीत तर सही होणार नाही. इकडे उत्तरेत, ब्रह्मा घाटावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच, आणि चूल तिच्या पगारावर.

तिच्या ताब्यातलं यंत्र चालवायला लिनक्स नावाची व्यवस्था होती. यंत्राच्या पोटात दोन कार्डं. एकाला संस्थेतल्या खोल्यांची तार जोडलेली, दुसऱ्याला बाहेर जगात जाणारी. यंत्र सुरू झालं की जे कार्ड आधी सापडेल त्याला पहिलं नाव मिळे, मागून सापडेल त्याला दुसरं. जेवताना त्या नावांना ती 'ईथ झीरो, ईथ वन' म्हणायची. मला 'इथं झीरो' ऐकू आलं. मी विचारलं, "मग तिथं किती?" ती हसली नाही. त्या दिवसांत ती कशालाच हसत नसे.

बिजली दिवसातून चारदा जायची. परत आली की पहिलं कार्ड कधी जागं व्हायचं, कधी नाही. ते उठलं नाही की दुसरं एकटंच सापडायचं आणि पहिल्याचं नाव घेऊन बसायचं. मग आतलं काम बाहेरच्या तारेवर जाई आणि सगळ्यांची पत्रं अडकत. दिवा मात्र हिरवा. लोकांना वाटे, यंत्र ठीक आहे, बाईलाच येत नाही. नवं कार्ड द्या म्हणून तिनं तीनदा लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.

एका रविवारी मी तिच्यासोबत गेले. सुट्टीची इमारत, चौकीदार पिणारा, तिला एकटीला पाठवणं मला पटेना. मी फुलवाती वळत बसले, ती यंत्रापुढे. तिनं सांगितलं की प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, तो बदलत नाही. आता नाव त्या नंबराला बांधायचं, म्हणजे आधी कोण सापडलं याला किंमत उरणार नाही. बराच वेळ ती लिहीत होती. मग थांबली.

"आई, पहिलं उठलंच नाही तर त्याचं नाव दुसऱ्याला जाऊ देऊ, की रिकामं ठेवू?"

दुसऱ्याला दिलं तर काय होतं, ते मी विचारलं.

"दिवा लागतो. काम होत नाही."

"आणि रिकामं ठेवलं तर?"

"पहिलं कार्ड नाही, असं पडद्यावर सरळ येईल. सगळं बंद दिसेल."

माझ्या सासरी सुनांना नावानं कोणी हाक मारत नसे. थोरली, मधली, धाकटी. मी मधली. थोरल्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला "थोरले" म्हणून हाक मारली. मी ओ दिली. त्यांची कामं माझ्याकडे आली, त्यांची दोन मुलंही. बाहेरच्यांना घर सुरळीत दिसलं. मुलांना आई नव्हती, आणि मला ती होता आलं नाही. थोरलीसाठी त्या घरात कोणी रडलेलं मला आठवत नाही. थोरली तर होतीच.

यातलं मी मुलीला काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "रिकामं ठेव. नाही त्याला नाही म्हणू दे."

तिनं तसं लिहिलं. पुढचे काही आठवडे बरे गेले. दोन्ही कार्डं उठत, आणि कुठलंही आधी सापडलं तरी नावं बरोबर जागी बसत. ती पोटभर जेवू लागली होती. मग फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं कार्ड गेलं ते गेलंच. पडद्यावर तिनं लिहिलं होतं तसंच आलं, आणि सगळी इमारत बंद.

साहेब खोलीत आले. दुसऱ्या दिवशी वरचे लोक पाहणीला यायचे होते. ते म्हणाले, "पहले कुछ तो चलता था, बहनजी. आपने वो भी बंद कर दिया." तिनं तिन्ही अर्जांच्या नकला पुढे ठेवल्या. त्यांनी पाहिल्या नाहीत. आधी होतं तसं करा, दिवा तरी लागू दे, म्हणाले. एक ओळ बदलायची होती. तिनं बदलली नाही.

मार्चमध्ये सही झाली नाही.

त्या संध्याकाळी ती पाय धुऊन जेवायला बसली आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, एका ओळीचा प्रश्न होता तर बदलायची होतीस.

"तूच म्हणालीस ना, रिकामं ठेव."

ती चिडून बोलली नव्हती. मी तिच्या पानात भात वाढला.

एप्रिलमध्ये संस्थेनं नवं कार्ड घेतलं आणि तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवलं. ती घरी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. त्या माणसानं तिची ती ओळ ठेवली की पुसली, हे तिनं कधी विचारलं नाही. मी जाऊन विचारून आले असते, पण मला तिथं चौकीदाराशिवाय कोण ओळखत होतं.