पुढे लावायचं कार्ड

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भाचा एवढंच म्हणाला, “मावशी, आई गेली... झोपेतच.” त्याला महिना होऊन गेला. अजूनही दुपारी डोळा लागला की माझी थोरली बहीण पुण्याच्या एस्टीतून उतरताना दिसते, पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा पदराआड धरून.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, दुष्काळाचा काळ. गणित शिकलेली अक्का नगरला पाणी-पाहणीच्या कचेरीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. मशीन मात्र पुण्याला. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा हाच प्रोग्रॅम. विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते बघून बोअर कुठल्या गावांना घ्यायची, हे तो सांगायचा. किती खोल गेलं म्हणजे टंचाई, तो आकडा अक्काने प्रोग्रॅमच्या आत ठेवला नव्हता. तो एका सुट्या कार्डावर असायचा; ते कार्ड दर खेपेला गठ्ठ्याला पुढे लावायचं. ते कार्ड बदललं की तोच प्रोग्रॅम वेगळी गावं काढायचा. आकडा ठरवणं साहेबांनी तिच्यावरच सोपवलं होतं.

यादीत आमचं तिसगाव आलं नाही. माळापलीकडची वाडी आली.

अक्का घरी आली तेव्हा दादा, आमचे वडील, ओट्यावर बसले होते. “येक कारड बदलायला काय जात हुतं तुझं?”

“आकडा कमी केला असता तर आपलं गाव आलं असतं, दादा. पण यादी लांबली असती. बोअरच्या गाड्या आधी सडकेवरच्या गावांना गेल्या असत्या. वाडीला कोण गेलं असतं?”

“लई शिकलीस,” म्हणत दादा उठले. अक्का न जेवताच परतली. एस्टीच्या खिडकीत तिचा चेहरा धुळीत विरघळत गेला... नंतर कितीतरी दिवस दादांनी तिचं नाव काढलं नाही.

वाडीला पाणी लागलं. एका सकाळी दादा कुणाला न सांगता माळ तुडवत तिकडे गेले. परतले तेव्हा सदऱ्याचा गळा ओला होता. “ग्वाड हाय पानी,” आईला म्हणाले. मग जरा थांबून, “थोरलीला बोलावून घे.”

पुढे वाडीपर्यंत एस्टी जायला लागली, तेव्हापासून माहेरी येताना अक्का वाडीवरच उतरायची. हापशाचं पाणी प्यायची आणि माळावरून चालत घरी यायची.

परवा मीही तिथेच उतरले. पांढरं ऊन, माळ झोपल्यासारखा. हापशावर एक तरणी सून हंडा भरत होती. “कुनाकडं आलात, आजी?”

मी नुसती ओंजळ पुढे केली. तिने हंडा बाजूला सारला आणि हापसू लागली.