पाव मैलाचं इंजिन

श्रीधर गेल्याचं कळलं तेव्हा मी बाल्कनीत मिक्सर दुरुस्त करत बसलो होतो. म्हणजे नुसता उघडून बसलो होतो, दुरुस्त करायला त्यालाच यायचं. त्याच्या मुलीचा, स्मिताचा फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच." मी काय म्हणावं? "अगं, पण संध्याकाळी मी त्याच्याकडे मिक्सर घेऊन येणार होतो..." अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. ती पोर म्हणाली, "या तुम्ही काका, मिक्सर नंतर बघू." याला आता दीड महिना झाला. रडायचं तेवढं रडून झालंय. सत्तरी ओलांडून, कुणाला त्रास न देता, स्वतःच्या अंथरुणात गेला. खरं सांगायचं तर मला थोडा हेवाच वाटतो त्याचा. तेव्हा हे रडगाणं नाही. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, तेवढी सांगतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं मुलुंडच्या एका पंपांच्या कारखान्यात होतो. तो टूलरूममध्ये, मी स्टोअरमध्ये. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा मोटारसायकलींच्या ड्रॅग रेस होत. सरळ पाव मैल. वळण नाही, काही नाही, सुटायचं आणि पोचायचं. एका वर्षी आम्ही सहज बघायला गेलो आणि परतताना श्रीधर गप्प गप्प. मला वाटलं ऊन लागलं. मुलुंड आल्यावर म्हणाला, "वश्या, ह्यांची इंजिनं चुकीची आहेत रे." पुढच्याच आठवड्यात त्याने भंगारातून अडीचशे सीसीची एक टू-स्ट्रोक गाडी उचलली आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. त्याची आई मालवणची. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, ह्या घरात माणसां रवतत की गाडयो?" श्रीधरने तिला शांतपणे सांगितलं, "आये, गाडी एकच आसा."

एकच होती, पण तीन वर्षं होती. सिलिंडरच्या आतल्या वाटा त्याने दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या जुन्या बरांनी, म्हणजे दात कोरायच्या बारीक टोकांनी कोरल्या, रोज कामावरून आल्यावर तासभर, एवढंच. मी घाई करायला लागलो की म्हणायचा, "काढलेलं लोखंड परत लावता येत नाही, यार." सायलेन्सरच्या जागी हवा तो पोटफुगा नळा आधी जुन्या कॅलेंडरच्या कागदांचा केला, मग पत्र्याचा. असे सात नळे झाले. सातवा पसंत पडला. इंजिनच्या डोक्यातली पोकळी मोजायला काचेची पट्टी, ग्रीस आणि इंजेक्शनची सिरिंज. थेंब थेंब रॉकेल सोडायचं आणि आकडा वाचायचा. तो आकडा मी वाचला की तो स्वतः पुन्हा वाचायचा. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, त्याचा अंदाज या गोष्टीवरच विश्वास नव्हता. कुणी विचारलं "किती पळेल?" तर उत्तर ठरलेलं, "मोजल्यावर सांगतो."

आवाजाची मोठी पंचाईत होती. चाळीतल्या लोकांनी एकदा चांगलंच झापलं. मग श्रीधरने शोधून काढलं की शेजारच्या कारखान्याचा भोंगा साडेतीनला पाऊण मिनिट वाजतो. सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही गाडी अंगणात काढून तयार राहायचो. भोंगा सुरू झाला की किक, संपला की इंजिन बंद. पाऊण मिनिटात तो कान लावून ऐकायचा आणि पुढचा आठवडाभर त्यावर विचार करायचा. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बसणार कोण हा प्रश्न नव्हताच. तो ऐंशी किलोचा. मला त्याने स्टोअरच्या काट्यावर उभं केलं, मी सत्तेचाळीस भरलो. "झकास! तूच बसणार." मी तसा भित्रा माणूस. पण त्याला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

रेसच्या दिवशी टेम्पोतून गाडी नेली. नियम साधा होता. प्रत्येक गाडीला एकच संधी, बावटा खाली आला की सुटायचं, त्याच क्षणी घड्याळ चालू. मी रेषेवर उभा. खाली इंजिन असं थरथरत होतं की माझे दात वाजत होते. बावटेवाल्याने दुसरा हात टोपी सावरायला वर नेला... आणि मी सुटलो. टोपीला सुटलो! बावटा वरच होता. मला ते कळलंही नाही. एवढंच कळलं की ढकललं गेल्यासारखा मी मागे फेकला गेलो, चौथा गिअर पडला आणि नळ्याचा सूर एकदम मोकळा झाला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. परत आलो तर पंच हात हलवत होते. "फाउल. टाइम घेतला नाही."

तीन वर्षं! मी गाडीवरून उतरून तिथेच मातीत बसलो. श्रीधर धापा टाकत आला.

"कुठे अडखळली?"

"अरे, मी आधी सुटलो. वाट लावली मी..."

"ते सोड रे. चौथ्यात अडखळली का?"

"नाही. चौथ्यात तर उडाली."

"बस झालं," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायला घेऊन गेला.

पुढच्या वर्षी ती धावपट्टीच बंद झाली. ते इंजिन किती सेकंदांचं होतं, हे कुणालाच कळलं नाही. मी त्याच्याकडे महिनाभर फिरकलो नाही. शेवटी तोच आला आणि म्हणाला, "आयेने बांगडे केलेत, चल." त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही रोज भेटलो, पण त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मला वाटायचं, तो विसरला.

तेराव्याला मी त्यांच्याकडे बसलो होतो. इंजिन अजून आहे, हॉलमधल्या शोकेसमध्ये, तेल पुसून लख्ख. स्मिता पाहुण्यांना ते दाखवत म्हणाली, "हे बाबांनी घरी बनवलं. रेसमध्ये पळालंसुद्धा. पण नेमकं त्या दिवशी टाइम घेणाऱ्याचं घड्याळ बंद पडलं. बाबा नेहमी सांगायचे."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. रॉकेलचा थेंब दोनदा मोजणारा, आयुष्यात अंदाजाने एक आकडा न सांगणारा माणूस घरात चाळीस वर्षं हे खोटं सांगत राहिला. मी त्या घरात ताठ मानेने चहा पिऊ शकावा म्हणून.

स्मिता, घड्याळ बंद पडलं नव्हतं गं. मीच आधी सुटलो. इंजिनात काहीही चूक नव्हती.