मार्चअखेरपर्यंतची भाजी

३ नोव्हेंबर रोजी माझ्या पुतण्याने त्याच्या आईच्या घराचा विसार म्हणून ४२,५०० रुपये घेतले. घर आईच्या नावावर होते आणि आईला कोणी विचारलेले नव्हते. ही आई म्हणजे माझी वहिनी, माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. पुढच्या रविवारी तो हे सांगायला निघाला, तेव्हा आधाराला मला बरोबर घेतले.

वहिनी परसात स्टुलावर बसून वेलावरचे भोपळे कापत होत्या. काठी कुंपणाला टेकवलेली होती.

"आई, मांडीचं हाड मोडल्यापासून तुला बाजारातून भाजीची पिशवी आणता येत नाही. एकटी कशी राहणार तू?"

"पिशवी उचलत नाही म्हणून घर विकायचं?"

"पिशवी हे उदाहरण झालं गं."

"मग उदाहरणावरच होऊन जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "मार्चअखेरपर्यंत बाजारातली एक मिरचीसुद्धा या घरात येणार नाही. परसातलं काढीन, साठवीन, तेच खाईन. एकदा जरी विकत घेतलं किंवा कोणाकडून घेतलं, तर तू दाखवशील तिथे सही करीन. नाही घेतलं, तर विसार परत करायचा आणि बटाट्याचे दोन वाफे तू स्वतःच्या हाताने खणून द्यायचेस."

पुतण्या हसला. घर घेणारा तोवर थांबायला तयार होता. "काका, तुम्ही साक्षीदार."

"साक्षीदार नंतर. भावजी, आधी हा भोपळा उचला. देठाला धरून नाही! देठ तुटला की आतून सडायला लागतो."

निघताना पुतण्या दारातून म्हणाला, "तळघराच्या पायऱ्या जपून उतर. पुन्हा पडलीस तर पैज तिथेच संपली."

ते वहिनींना चांगलेच झोंबले.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिस सुटल्यावर तिकडे जात होतो. भोपळे उन्हात शेकवून माळ्यावर गवतावर ठेवले, एकाला दुसरा लागणार नाही असे. कांद्यांच्या वेण्या घालून व्हरांड्यात टांगल्या. गाजरे न धुता बादलीत ओल्या वाळूत पुरली. बटाटे मात्र दरवर्षी तळघरात जात, ते या वर्षी वहिनींनी आपल्या पलंगाखाली ठेवायला लावले. "बघू दे त्याला. पायरीच उतरायची नाही, तर पडेन कशी?"

पलंगामागच्या भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी होती. भिंत कायम कोमट असे. वहिनींच्या पायाला त्या उबेने बरे वाटे. बटाट्यांनाही बरेच वाटले असावे. फेब्रुवारीत पोते ओढले, तर विणीतून बोटभर कोंब बाहेर आलेले आणि बटाटे म्हाताऱ्यासारखे सुरकुतलेले.

वहिनींनी एक बटाटा काढून अंगठ्याने दाबून पाहिला.

"माझाच गाढवपणा. पोराला दाखवायच्या नादात अक्कलही पलंगाखाली सरकवली."

"वहिनी, मी गुपचूप एक फ्लॉवर आणून देतो. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना! आणि साक्षीदारच फितूर झाल्यावर कसं व्हायचं? भाजी तिकडेच राहू दे, तुम्ही तेवढे येत जा."

फेब्रुवारी संपता संपता गाजरे संपली. मार्चमध्ये राहिले कांदे आणि भोपळे. त्यातलाही एक भोपळा सडला. उरलेले वहिनींनी उकडून खाल्ले, भाजून खाल्ले, किसून खाल्ले, बियासुद्धा सोलून खाल्ल्या. बेकरीवाल्याने मायेने पालकाची जुडी पाठवली, ती त्यांनी त्याच पावली परत केली.

"वहिनी, तुमचा चेहरा पिवळा दिसायला लागलाय."

"तुमच्या चेहऱ्याला तर कधी कुठलाच रंग नव्हता, भावजी. मी काही बोलले का?"

३१ मार्चला पुतण्या आला. फडताळ उघडले, टोपल्या हलवल्या, पातेल्यावरचे झाकण काढले. आत भोपळा होता. मग पलंगाखाली वाकला आणि रिकामे पोते घेऊन उठला.

"बटाटे संपले. मग मधे काय आणलंस?"

"संपले नाहीत. तिकडे बघ."

खिडकीत अंड्यांच्या ट्रेमध्ये कोंब आलेले बटाटे ओळीने उभे होते.

"हे खायच्या लायकीचे नाहीत आई."

"लावायच्या लायकीचे आहेत. तीन महिन्यांनी काढायला येतील. तोवर मला इथून हलता येणार नाही, आणि नंतर भोपळ्यांचे दिवस येतात. कुदळ मागच्या दाराशी आहे."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले.

"काही आणलं नाही," मी म्हणालो. "मी द्यायला गेलो होतो, तेही घेतलं नाही."

"पण आई, पुढच्या वर्षी? पाय तर असाच राहणार."

"राहू दे की. पायाने कोण खणतंय? तू खणणार आहेस."

"आणि विसाराचं त्या माणसाला काय सांगू?"

"घेताना मला विचारलं होतंस? देतानाही विचारू नकोस."

तो शर्ट काढून परसात गेला. वहिनी काठी आपटत मागोमाग गेल्या आणि स्टुलावर बसून त्याच्या चुका काढत राहिल्या. अंधार पडेपर्यंत दीड वाफा झाला. मग हाताला फोड आले म्हणून तो थांबला.

विसार त्याने आठवड्याभरात परत केला. अर्धा वाफा अजून त्याच्याकडून येणे आहे.