गुवाहाटी ते मुलुंड

"मॅडम, वेबसाइटवर दोन शहरांमधलं हवाई अंतर बघितलं. विमानाच्या वेगाने भागलं. आरामात पोचतंय. मग नागपूरला कशाला थांबायचं?"

प्रसाद मोबाइल माझ्या तोंडासमोर नाचवत होता. शेजारी त्याची बहीण सुजाता गप्प बसलेली. तिचा नवरा ऑफिसच्या कामासाठी गुवाहाटीला गेला आणि तिथे न्यूमोनियाने आडवा झाला. फुप्फुसं साथ सोडत होती. पुढचे उपचार मुलुंडच्या हॉस्पिटलात होणार होते, पण तिथवर तो जिवंत पोचायला हवा होता.

मी अंधेरीतल्या एका एअर ॲम्ब्युलन्स कंपनीत फ्लाइट प्लॅनर आहे. विमानाचा रस्ता, इंधन, पेशंटचा ऑक्सिजन, हे सगळं बसवणं माझं काम.

"तुमचं अंतर बरोबर आहे," मी म्हटलं. "पृथ्वी म्हणजे संत्रं समजा, त्यावर दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणला की येतं, ते. पण विमानाला दोऱ्यावरून जाता येत नाही. आकाशात ठरलेले रस्ते असतात. या दिवसांत वाराही समोरून. आणि मुंबईत रनवे मोकळा नसला तर घिरट्या."

"ॲम्ब्युलन्सला पण?"

"तिला पुढे काढतात. पण रनवेच बंद असला तर?"

तेवढ्यात आमच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मनीषा, दुसरी कंपनी नॉन-स्टॉप देतेय. इंधन पुरतंय ना?"

"इंधन पुरतं सर. ऑक्सिजन जेमतेम."

"म्हणजे पुरतो ना?"

"सगळं मनासारखं झालं तर."

मला राग आला होता. सगळं मनासारखं झालं असतं, तर तो माणूस काम उरकून केव्हाच घरी आला असता. "मग घरच्यांनाच ठरवू दे," सर म्हणाले.

बाहेर आले तेव्हा सुजाताने पहिल्यांदा तोंड उघडलं. "उतरताना-चढताना त्यांना त्रास होईल म्हणतात. तुमचं माणूस असतं तर?"

"नागपूरला थांबवलं असतं. तिथे भरलेले सिलिंडर चढवता येतात."

"मग थांबवा."

"अगं सुजा, पण..."

"गप रे. सही मी करतेय."

दुसऱ्या दिवशी नागपूरला सिलिंडर बदलले. विमान मुंबईजवळ आलं आणि रनवेवर दुसरं एक विमान बिघडून उभं राहिलं. आमचं समुद्रावर गोल गोल फिरत बसलं. मी स्क्रीनवरचा ठिपका बघत होते. सुजाताचे फोन येत होते. "येतंय," एवढंच मी सांगू शकत होते.

विमान उतरलं. मग रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. वेबसाइटच्या हिशेबात हा तुकडा नव्हताच.

पेशंट पोचला. बरेच आठवडे झुंजला आणि भांडुपला घरी गेला. त्यानंतर एकदा प्रसाद ऑफिसात आला.

"नागपूरला थांबवलं नसतं तर?"

"ऑक्सिजन समुद्रावरच संपला असता."

तो म्हणाला, "भावोजी आता रिमोटवरून भांडतात माझ्याशी." आणि त्याचे डोळे भरून आले.

आता फोन आला की मी आधी शहरं विचारत नाही. पेशंट कुठल्या बेडवर आहे आणि कुठल्या बेडवर न्यायचाय, ते विचारते. खरं अंतर ते असतं.